वैशाख वसंतात धरावा की ग्रीष्मात? : ऋतुसंधीतील आहार, विहार व औषधयोजना

ऋतुचर्या हा स्वस्थवृत्ताचा कणा होय. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म, ही विभागणी पदवीच्या पहिल्या वर्षापासून आपणा सर्वांना मुखोद्गत असते. परंतु ही विभागणी जशीच्या तशी धरून वैशाखातील रुग्णास रूक्ष-उष्ण आहार, व्यायाम, उद्वर्तन आणि वमन सांगितले, तर महाराष्ट्रातील हवामानात त्या रुग्णाच्या पदरी लाभाऐवजी अपाय येण्याचा संभव अधिक. पुण्या-नाशकाकडे वैशाखात पारा चाळिशीजवळ जातो, विदर्भात तो पंचेचाळिशी ओलांडतो. अशा वेळी वैद्याच्या हातून दिला जाणारा पथ्यापथ्याचा कागद कोणत्या ऋतूचा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. ओघाने शेतीची कामे, सुटी, लग्नसराई, औषधी बाग आणि औषधालयातील साठवण यांचाही विचार येईल.

संहितांतील दोन गणना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात शिशिरापासून हेमंतापर्यंत सहा ऋतू सांगितले असून तेथे वैशाख वसंतात येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, तेही सहाव्याच अध्यायात, प्रथम हीच गणना येते. परंतु दोषांचा संचय, प्रकोप व प्रशम सांगताना आचार्य दुसरी गणना देतात. तीत शिशिर गळतो आणि प्रावृट् येतो. त्यानुसार फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण प्रावृट् आणि भाद्रपद-आश्विन वर्षा.

चरकाचार्यांनीही शोधनाच्या संदर्भात ही दुसरी रीत स्वीकारली आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात हेमंत, ग्रीष्म व वर्षा हे तीव्र शीत, उष्ण व वृष्टीचे ऋतू सांगून त्यांच्या मधले प्रावृट्, शरद व वसंत हे साधारण ऋतू शोधनास योग्य ठरविले आहेत. आणि सिद्धिस्थानात शोधनासाठीचा वसंत फाल्गुन-चैत्राचा मानला आहे. म्हणजे शोधनापुरता तरी वैशाख हा चरकमतानेही ग्रीष्मच ठरतो. टीकाकारांनी या दोन गणनांची संगती देशभेदाने लावली आहे : गंगेच्या दक्षिणेस वृष्टी अधिक म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा असे पावसाचे दोन ऋतू, तर उत्तरेस शीत अधिक म्हणून हेमंत व शिशिर असे थंडीचे दोन ऋतू. आपला महाराष्ट्र या विभागणीत निःसंशय दक्षिणेकडे पडतो.

पंचांगातील महिना आणि अंगणातील ऊन

तथापि केवळ दुसरी गणना स्वीकारल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. आपले महिने चांद्र आहेत आणि अधिकमासामुळे ते पुढेमागे होतात. दोन लागोपाठच्या वर्षांचे उदाहरण पाहू.

२०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून मानली जाते. त्या वर्षी २६ मे रोजी वैशाख संपलेला नव्हता. याउलट २०२६ साली (शके १९४८) १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, त्यानंतर निज ज्येष्ठ आणि १२ ऑगस्टला आषाढी अमावास्या. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म, हे सूत्र अक्षरशः धरले तर या वर्षी ग्रीष्मचर्या १२ ऑगस्टपर्यंत, म्हणजे भर पावसात, सांगावी लागेल. एका वर्षी वसंताच्या महिन्यात प्रावृट् आणि दुसऱ्या वर्षी पावसात ग्रीष्म, अशी ही अवस्था होते.

ऊन तर त्याहूनही आधी घात करू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर समारंभानंतर उष्माघाताने चौदा जण मृत्युमुखी पडले. ती तिथी चैत्र वद्य एकादशी होती. कोणत्याही गणनेने तो वसंतच. शिवाय कोकणपट्टीत पारा विदर्भाएवढा चढत नाही; तेथे आर्द्रतेमुळे घाम सुकत नाही आणि शरीरातील उष्मा बाहेर पडण्याचा मार्ग खुंटतो. म्हणूनच महिन्याचे नाव हे ऋतूचे स्थूल निदर्शक मानावे आणि निर्णय ऋतुलक्षणांवरून घ्यावा, हे आमचे मत आहे. ऋतूंचे हीनयोग, अतियोग व मिथ्यायोग वर्णन करणाऱ्या आचार्यांना हेच अभिप्रेत होते.

शेतकरी आणि सणवार काय सांगतात

या बाबतीत आपला शेतकरी आपल्यापेक्षा सावध आहे. तो खरिपाचा हिशेब चांद्रमासाने करीत नाही, सूर्याच्या नक्षत्राने करतो. सूर्य सुमारे १४ एप्रिलला अश्विनीत, २७ एप्रिलला भरणीत, ११ मेला कृत्तिकेत, २५ मेला रोहिणीत आणि ७-८ जूनला मृगात येतो. अधिकमास येवो वा न येवो, मिरगाची तारीख हलत नाही. अयनचलनामुळे तीही सरकते, परंतु ती साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस, इतकी मंद. ग्रामीण रुग्णास ‘ज्येष्ठ लागेपर्यंत’ असे सांगण्याऐवजी ‘रोहिण्या संपेपर्यंत’ असे सांगितले, तर त्याला अचूक कळते आणि वैद्याचा हिशेबही चुकत नाही.

सणांची मांडणीही बोलकी आहे. गुढीपाडव्यास कडुनिंबाची पाने गूळ, ओवा, हिंग यांसह खाण्याची रूढी आहे. हा कफाचा समाचार घेणारा शुद्ध वसंतातील योग. त्यानंतर दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेस, चैत्रगौर बसते आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरोघरी कैरीचे पन्हे व आंब्याची डाळ सुरू होते. पुढे वैशाख शुद्ध तृतीयेस, अक्षय्यतृतीयेला, पाण्याने भरलेल्या घटाचे दान आणि आमरस येतो. कडू-तिखटाकडून मधुर-शीत-द्रवाकडे नेणारा हा क्रम महिन्याभराचा, पायरीपायरीचा आहे. ऋतुसंधीत पूर्वीचा विधी हळूहळू सोडावा व पुढचा हळूहळू धरावा, हा अष्टांगहृदयाचा उपदेश लोकरूढीत असा जिवंत राहिला आहे.

ग्रीष्म लागला हे कसे ओळखावे?

वाग्भटाचार्यांनी संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात, असे चौदा दिवस संधिकाल मानला आहे. हे चौदा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावे, हाच व्यवहारातील प्रश्न. त्यासाठी आम्ही पुढील लक्षणे पाहतो :

१. दुपारी वाहणारा वारा अंगास गार न वाटता भाजतो. रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्या राहतात.
२. सकाळचा घशातील कफ, जडपणा व तोंडाचा गोडसरपणा ओसरतो. त्याऐवजी तृष्णा, मुखशोष व ओठांची रूक्षता दिसू लागते.
३. मूत्र अल्प, गडद व सदाह होते, मलावष्टंभ वाढतो.
४. भूक मंदावते, विशेषतः दुपारी. श्रम सोसवत नाहीत.
५. झोप उशिरा लागते व तुटक होते.

यांपैकी बहुतांश लक्षणे आपल्या भागातील बहुतांश रुग्णांत दिसू लागली, की त्या दिवसापासून वसंतचर्या चौदा दिवसांत उतरवावी. चिकित्सालयाच्या भिंतीवर एक तापमापक टांगून रोजच्या कमाल-किमान तापमानाची नोंद वहीत ठेवावी. दोन-तीन वर्षांत आपल्या गावचा ऋतू आपल्याला स्वतःच्या अक्षरात वाचता येतो. हवामान खात्याचा इशाराही रोज पाहावा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस व सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा ३७ अंशांची आहे. ४५ अंश गाठल्यास सरासरीचा विचार न करताही मैदानी भागात लाट समजतात.

वसंतचर्येतील काय थांबवावे?

वमन : वासंतिक वमन चैत्रात, उन्हाचा तडाखा सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे. उशिरा आलेल्या रुग्णास ‘अजून वैशाख आहे’ या आधारावर वमन देऊ नये. आत्ययिक अवस्थेत शोधन करावेच लागले, तर ऋतूच्या विरुद्ध गुण कृत्रिमरीत्या उत्पन्न करून, म्हणजे शीत गृह, शीत उपचार व सौम्य द्रव्ये योजूनच ते करावे.

मध : वजन कमी करण्यासाठी मध व कोमट पाणी घेण्याचा प्रघात वाढला आहे. मधाचा उष्णाशी, उष्ण काळाशी व उष्णार्त व्यक्तीशी असलेला विरोध संहितांत स्पष्ट आहे. फाल्गुनात सुरू केलेला हा प्रयोग रुग्ण आपणहून थांबवीत नाही. तो थांबविण्याची तारीख वैद्यानेच कागदावर लिहून द्यावी.

व्यायाम, उद्वर्तन, स्वेदन : व्यायाम सूर्योदयापूर्वी व अल्प. पेटीतील स्वेदन शक्यतो बंद. अभ्यंग चालू ठेवण्यास हरकत नाही.

तीक्ष्ण कल्प : भल्लातक, चित्रक, पिंपळीप्रधान कल्प व उष्णवीर्य रसकल्प यांची मात्रा व कालावधी नव्याने तपासावा. जुन्या कागदावर ‘पूर्ववत’ असा शेरा या काळात मारू नये.

ग्रीष्मात वाताचा संचय होतो. बाहेरील उष्णतेमुळे तो लगेच प्रकुपित होत नाही. पाऊस पडताच तो उसळतो. वैशाखातील रूक्षता आणि आषाढातील संधिशूल यांचा हा संबंध रुग्णाला समजावून सांगितल्यास पथ्य पाळले जाते.

देशभेदाने आहार

मधुर, शीत, द्रव व स्निग्ध हे ग्रीष्मातील आहाराचे सूत्र. परंतु ते सर्वत्र सारख्या मापाने लावू नये. विदर्भ-मराठवाड्यातील जांगल प्रदेशात रूक्षता प्रबळ असते. तेथे भातावर तूप, रात्रीचे दूध, ज्वारी वा नाचणीची आंबील (फार न आंबविता), मोरावळा व गुलकंद योग्य. कोकणातील आनूप प्रदेशात क्लेद अधिक. तेथे दूध-तुपाचा मारा केल्यास भूक मरते व त्वचेवर घामोळ्या-गजकर्ण वाढतात. तेथे उकड्या तांदळाची पेज, धने-जिऱ्याचे पाणी, कोकमाचे सरबत, वाळा घातलेले पाणी उपयुक्त.

ताकाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात ‘भरपूर ताक प्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दह्याचा ग्रीष्मात निषेध आहेच. पण उष्णकाळ, दाह, भ्रम, मूर्च्छा व रक्तपित्त यांत ताकही वर्ज्य सांगितले आहे. आंबट ताकाने तृष्णा व अम्लपित्त वाढल्याचे आपण नेहमी पाहतो. द्यावयाचेच तर त्याच दिवशी घुसळलेले, अनम्ल, लोणी काढलेले, पुष्कळ पाणी घातलेले, धने-जिरे व किंचित साखर मिसळलेले द्यावे. दाह व रक्तपित्ताच्या रुग्णास मात्र तेही नको.

औषधी पेयांत खर्जूरादि मंथ व षडंगपानीय यांचे स्थान मोठे आहे. मंथासाठी एक पल द्रव्य चार पल थंड पाण्यात घुसळावे. हिमासाठी एक पल द्रव्य सहा पल पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. षडंगपानीयासाठी मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य व शुंठी ही द्रव्ये मिळून एक कर्ष घेऊन एक प्रस्थ पाण्यात उकळून निम्मे उरवावे. औषधालय-चालकांनी ही भरड पुड्यांत बांधून, प्रत्येक पुडीवर पाण्याचे माप व कृती छापून ठेवावी. मधुमेह्यास सरबते व मंथ देऊ नयेत. हृद्रोग व वृक्करोगात पाणी-मिठाची मर्यादा ज्याच्या त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

शेतमजूर, सुटी आणि लग्नसराई

पथ्य सांगताना रुग्णाचा दिवस कसा जातो हे विचारलेच पाहिजे. ‘दुपारी गार खोलीत झोपा’ हा उपदेश शास्त्रशुद्ध असला, तरी वैशाखात नांगरट, धसकटे वेचणे, शेणखत पसरणे, उन्हाळी कांदा काढणे ही कामे करणाऱ्याला तो निरुपयोगी आहे. गडचिरोली-गोंदियाकडील तेंदूपत्ता तोडणारे, कोकणातील आंबा-काजूच्या बागांतील मजूर, वीटभट्टीवरील कुटुंबे यांचीही हीच गोष्ट. त्यांना अमलात आणता येईल असेच सांगावे : काम पहाटे सुरू करून अकरापर्यंत थांबवावे व चारनंतर पुन्हा धरावे, डोक्यास ओले उपरणे, तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, घाम फार गेल्यास साध्या पाण्यासोबत मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप कागदावर लिहूनच द्यावे. बाहेरगावाहून नव्याने कामावर आलेल्या मजुरास पहिले सात-आठ दिवस हलके काम द्यावे. शरीर उन्हास सात्म्य होण्यास तेवढा अवधी लागतो. इथेही तत्त्व क्रमाचेच आहे.

सुटीत मुले भरदुपारी खेळतात आणि शहरातील कुटुंबे गावी जातात. लग्नाच्या पंगती दुपारी उठतात. तळलेले, मसाल्याचे जेवण, वर बाहेरच्या बर्फातील सरबत. छर्दी, अतिसार व दूषित पाण्यातून पसरणारी कामला यांचे रुग्ण लग्नसराईत वाढतात ते यामुळे. खाद्य म्हणून न बनविलेला बर्फ टाळावा, पाणी उकळून माठात गार करावे, हा साधा उपदेश या दिवसांत औषधाइतकाच मोलाचा आहे.

उष्माघात : येथे विलंब नको

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. उन्हात वा कोंदट जागी राहिलेल्या व्यक्तीस ज्वर असून तिचे बोलणे असंबद्ध होत असेल, चाल झोकांड्यांची असेल, आक्षेप वा संज्ञानाश असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअस (१०४ अंश फॅरनहाइट) वा अधिक असते. काखेतील तापमापक ते कमी दाखवितो, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नये. त्वचा कोरडीच असते असेही नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात रुग्ण घामाने भिजलेला असू शकतो.

अशा वेळी प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थंडावा देणे क्षणभरही थांबवू नये. कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतून पंख्याने वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे बर्फाच्या पिशव्या ठेवाव्या. संज्ञा नसलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी, मंथ वा मात्रा काहीही घालू नये. ते श्वासमार्गात जाते. ज्वरघ्न गोळ्यांचा येथे उपयोग नाही, कारण हा दोषज ज्वर नव्हे. प्रवाळ, कामदुधा, चंदनादि कल्प हे दाह व तृष्णेत उत्तम. उष्माघातात त्यांच्यावर वेळ घालविणे म्हणजे रुग्णाचे प्राण पणास लावणे होय. वृद्ध, तान्ही बालके, गर्भिणी, मद्यपी तसेच मूत्रल, मानसरोगावरील व रक्तदाबाची काही औषधे घेणारे रुग्ण यांची यादी वैशाखापूर्वीच करून ठेवावी व त्यांच्या घरी निरोप द्यावा. ती औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

औषधी बाग व औषधालय

चरकाचार्यांनी कल्पस्थानात मुळांचा संग्रह ग्रीष्मात वा शिशिरात, पाने गळल्यावर वा पक्व झाल्यावर करावा असे म्हटले आहे. त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात. तेव्हा मुळे खरेदी करणाऱ्यांसाठी हा काळ महत्त्वाचा. मुळे धुऊन लगेच गोण्यांत भरू नयेत. पूर्ण वाळवावीत, सुगंधी मुळे सावलीत. वळवाच्या एका सरीने अंगणातील माल भिजून बुरशी धरते, म्हणून दुपारनंतर आकाशाकडे लक्ष ठेवावे. बागेत झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी सकाळी लवकर वा सायंकाळी द्यावे. गुळवेलीच्या कांड्या व शतावरीची रोपे मृगापूर्वी पिशव्यांत तयार ठेवावीत, खड्डे आताच खणून तापू द्यावेत.

औषधालयात गुग्गुळकल्प मऊ होऊन परस्परांस चिकटतात, कापूर-पुदिना सत्त्वाचे कल्प सैल झाकणातून उडून जातात, संधान पूर्ण न झालेल्या आसवांच्या बाटल्या फुगतात, अवलेहांना फेस येतो. माल पत्र्याखाली वा बंद मोटारीत ठेवू नये. दर्शनी काचेच्या कपाटावर ऊन येत असल्यास पडदा लावावा. फेस आलेला अवलेह ढवळून विकणे हा रुग्णाशी द्रोह होय.

उपसंहार

वैशाखाला वसंत म्हणावे की ग्रीष्म, हा वाद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता नाही. त्याच्या उत्तरावर रुग्णास मध मिळणार की मंथ, वमन मिळणार की विश्रांती, हे ठरते. महाराष्ट्रात वैशाख सामान्यतः ग्रीष्म धरावा; परंतु अंतिम निर्णय ऋतुलक्षण, देश व रुग्णाचे काम पाहून करावा आणि चर्येतील बदल क्रमाने घडवावा. सर्व व्यवसायबंधू-भगिनींनी आपापल्या गावातील तापमान, पहिला वळीव आणि रुग्णांतील लक्षणे यांची नोंद या वर्षीपासून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. निरनिराळ्या तालुक्यांतील अशा वह्या पुढेमागे एकत्र पाहता आल्या, तर महाराष्ट्राची ऋतुचर्या महाराष्ट्राच्याच हवेवरून लिहिता येईल.